सोंग आणि शिपाई

(ज्युबिलीच्या पूर्वसंध्येस शिरूर अनंतपाळ येथे जमलेल्या मंडळींसमोर केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा कार्यक्रम ठरविण्यासाठी मंडळी जमली, तेव्हा वक्त्यांमध्ये विषयांची वाटणी झाली. धर्मग्रामाचा पूर्वेतिहास एका वडीलधाऱ्या गृहस्थांकडे गेला, शाळेची हकीकत मास्तरांकडे गेली, भगिनीमंडळाचे कार्य सिस्टरांकडे गेले. आमच्या वाट्यास काय उरले, तर उद्या रात्री तरुण मंडळी जे नाटक करणार आहेत त्याची प्रस्तावना! फादरांनी नाटकावर बोलावे ही कल्पना काहींना विनोदी वाटली असल्यास नवल नाही. तथापि नाटकाविषयी आम्हांस काहीच ठाऊक नाही, असे मात्र कोणी समजू नये. गेली सुमारे पंचवीस वर्षे आम्ही दररोज सकाळी ठरावीक वस्त्रे अंगावर चढवून आपणांसमोर उभे राहत आहो, ठरलेले शब्द उच्चारीत आहो, ठरलेल्या वेळी हात वर करीत आहो. त्या शब्दांत व आमच्या मनात अंतर पडले तर आम्ही कोण ठरतो, हा प्रश्न नटाला जितका पडावयास हवा तितकाच आम्हांसही पडतो.

गेल्या महिन्यात एका सायंकाळी आम्ही तालीम पाहावयास गेलो. नाटकात सुट्टीवर घरी आलेल्या जवानाचा एक प्रवेश आहे. त्या भूमिकेसाठी उभ्या केलेल्या मुलाने सलाम ठोकला, तोच कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले आपले निवृत्त हवालदार मोठ्याने हसले. "फादर, ह्या पोराचा सॅल्यूट बघा की. तळहात जमिनीकडं! हा तर दर्यावरचा झाला, पायदळातला न्हाई." मग त्यांनी उठून दाखविले की, पायदळाच्या सलामीत उघडा तळहात समोरच्यास दिसावा लागतो, नौदलाच्या सलामीत तो खाली वळलेला असतो. नंतर पट्टा पाहिला, बुटांच्या नाड्या पाहिल्या, टोपीचा कल पाहिला. अर्ध्या तासात त्या मुलास घाम फुटला. शेवटी तो काकुळतीने म्हणाला, "काका, नाटकच तर हाय." हवालदार म्हणाले, "नाटक हाय म्हणूनच सांगायलो. खऱ्यात चुकलास तर सुभेदार सांगंल."

ते वाक्य पुष्कळ दिवस आमच्या मनातून जाईना, आणि आजचे हे भाषण त्यातूनच निघाले आहे.

आपल्या भाषेत नटाच्या कामाला एक जुना शब्द आहे: सोंग. झोपेचे सोंग, भक्तीचे सोंग, असे म्हटले म्हणजे त्यात लबाडी आलीच. परंतु दारोदार हिंडणारा बहुरूपी जे सोंग घेतो त्याची जात वेगळी. आमच्या बालपणी आमच्या खेड्यात बहुरूपी फौजदाराच्या वेषात येत असे. डोक्यास टोपी, काखेत छडी, हातात कसलासा कागद. "तुमच्या नावाचं वॉरंट आहे," असे तो दारात उभा राहून गर्जे, आणि आम्ही कणगीमागे लपत असू. वडीलही खोटेखोटे घाबरत. आई हसत हसत सुपातून जोंधळे आणी, आणि त्या क्षणी तो फौजदार टोपी काढून दोन्ही हात जोडी. टोपी काढण्याचा तो क्षण आमच्या ध्यानात आजतागायत राहिला आहे. सोंग घेणाराने केव्हातरी टोपी काढून हात जोडलेच पाहिजेत. तो न काढील तर ते सोंग राहत नाही, फसवणूक होते. शिवछत्रपतींचे प्रसिद्ध हेर बहिर्जी नाईक हे नाना वेष पालटण्यात निपुण होते असे परंपरा सांगते. तेथे टोपी काढण्याची चैन नव्हती, चुकले तर मान जावयाची. तेव्हा सोंग आणि शिपाईगिरी यांचे आपल्या मुलखात नाते जुने आहे.

आमच्या ख्रिस्तसभेच्या पंचांगातही २५ ऑगस्टला एक नट आहेत. संत जेनेशियस हे रोमचे नट. डायोक्लेशन बादशहासमोर ख्रिस्ती लोकांच्या स्नानसंस्काराची टवाळी करणारा प्रवेश ते करीत होते. टवाळीचे पाणी डोक्यावर पडले आणि त्यांस खरोखरच पालट झाला. त्यांनी रंगमंचावरूनच आपण ख्रिस्ती झाल्याचे जाहीर केले व त्याबद्दल त्यांचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे. इतिहासकार या कथेकडे थोडे सावधपणे पाहतात, आणि आम्हीही पाहतो. परंतु नट लोकांनी त्यांस आपला पालक संत मानले हे खरे, व त्यामागील अनुभवही खरा आहे: आपण भूमिका घेतो असे आपणांस वाटते, आणि पुढे केव्हातरी भूमिका आपणांस घेते.

हे आमच्या काळातील, आमच्या भाषेच्या माणसाच्या चरित्रात पाहावयाचे असेल तर नाना पाटेकरांकडे पाहावे. व्यासपीठावरून सिनेमातील नटाचे नाव आल्याबद्दल कोणी वडील मंडळी रागावली असतील तर क्षमा असावी. आणि हेही आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही येथे कोणास संतपदास चढवीत नाही. त्यांचा तापट स्वभाव सर्वश्रुत आहे. त्यांच्यावर आरोपही झालेले आहेत. त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. ज्या एका गोष्टीसाठी आम्हांस त्यांचे चरित्र उपयोगी वाटते, तेवढीच आम्ही घेणार.

त्यांचे मूळ नाव विश्वनाथ. जन्म मुरूड-जंजिरा येथे १ जानेवारी १९५१ रोजी. घरची परिस्थिती पालटल्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सांभाळून त्यांस चित्रपटांचे फलक रंगविण्याचे काम धरावे लागले. महिना ३५ रुपये व एक वेळचे जेवण, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे मुंबईस जे. जे. कला संस्थेत शिक्षण, नंतर मराठी रंगभूमी, विजया मेहतांच्या हाताखालची तालीम, जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकातील भूमिका. १९७८ साली 'गमन' हा पहिला चित्रपट, १९८६ साली 'अंकुश', १९८९ साली 'परिंदा' व त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक. सिनेमाच्या नायकाला जो चेहरा लागतो असे लोक समजत, तो त्यांच्यापाशी नव्हता. होता तो आवाज, डोळे आणि मेहनत.

१९९१ साली त्यांनी 'प्रहार' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला व त्यात मेजर चव्हाण या कमांडो शिक्षकाची भूमिका केली. ती करण्यापूर्वी त्यांनी काय केले? दुसरा एखादा नट शिंप्याकडून गणवेश शिवून घेता, मिशा वळविता, आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहता. पाटेकर सैन्याच्या छावणीत गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांबरोबर, बेळगावच्या बाजूस, त्यांनी कमांडोंचे प्रशिक्षण घेतले. ते काही आठवड्यांचे नव्हते, सुमारे तीन वर्षे आपण त्यात होतो असे ते सांगतात. प्रादेशिक सेनेत त्यांस कॅप्टनचा मानाचा हुद्दाही मिळाला. प्रादेशिक सेना म्हणजे आपला धंदा-नोकरी सांभाळून गरजेच्या वेळी शस्त्र हाती घेणाऱ्या नागरिकांची फौज. स्वतंत्र भारतात ती १९४९ साली उभी राहिली. या सेनेत पुढे कपिल देव, मोहनलाल, धोनी अशा अन्य नामवंतांसही लेफ्टनंट कर्नलचा मानाचा हुद्दा दिला गेला. असो.

'प्रहार' आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पाहिला नसल्यास ख्रिस्ती माणसाने तो एकदा पाहावा, आणि याचे कारण असे की त्यातील मध्यवर्ती तरुण आपल्यातला आहे. पीटर डिसोझा. मुंबईतील एका बेकरीवाल्याचा मुलगा. हिंदी चित्रपटांनी आपल्या समाजास पुष्कळ वर्षे काय दाखविले, हे आपण जाणता: दारूचा पिंप, हातात गिटार, तोंडी मोडकेतोडके हिंदी. असे सोंग आपल्या नावावर खपवले जात असताना या एका मराठी दिग्दर्शकाने कॅथॉलिक पोरास कमांडो केले, त्याच्या बापास पाव भाजणारा कष्टाळू म्हातारा केले, आणि त्या घराला प्रतिष्ठा दिली. याबद्दल आमचे मन त्यांच्याविषयी कृतज्ञ आहे. पीटर मेजर चव्हाणांच्या कठोर हाताखाली तयार होतो, मुलांची सुटका करण्याच्या कामगिरीत कायमचा अपंग होतो, आणि घरी परततो. घरी गल्लीतले गुंड हप्ता मागतात. तो देत नाही. म्हणून त्याचा खून होतो. त्याच्या लग्नाच्या निमंत्रणावरून मेजर मुंबईस येतात, तो त्यांस लग्नाऐवजी ही वार्ता मिळते. आणि सगळी गल्ली पाहिलेली असून कोणी बोलावयास तयार नसतो.

पुढे मेजर कायदा हातात घेतात व न्यायालय त्यांस वेड्यांच्या इस्पितळात धाडते. धर्मगुरू या नात्याने आम्ही त्या सूडास संमती देऊ शकत नाही, आणि चित्रपटाचा तो भाग आम्हांस दुबळाही वाटला. हातापायाने प्रश्न सोडविणे सिनेमात सोपे असते. परंतु गल्लीच्या त्या मौनाने आम्हांस बेचैन केले. खिडक्या लागतात, माणसे आत जातात, कोणाला काही दिसलेले नसते. त्या गल्लीत आमच्यासारखा एखादा पाद्री राहत असता तर तो बोलला असता काय, असा प्रश्न आम्हांस पडला, आणि त्याचे उत्तर आम्हांस आवडले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

चित्रपट झाला, पैसे मिळाले, टाळ्या मिळाल्या. नटाचे काम येथे संपते. गणवेश पेटीत जातो. पण आठ वर्षांनी, १९९९ च्या मे महिन्यात, कारगिलचे युद्ध सुरू झाले. २६ जुलैस ते संपले तोवर आपले ५२७ जवान पडले होते. त्या दिवसांत अठ्ठेचाळीस वर्षांचे पाटेकर सैन्याच्या अधिकाऱ्यांकडे गेले व आपणांस आघाडीवर पाठवावे असे म्हणू लागले. हा निर्णय संरक्षणमंत्र्यांचा, असे त्यांस सांगण्यात आले. तेव्हा ते संरक्षणमंत्र्यांशीच बोलले.

हे संरक्षणमंत्री म्हणजे जॉर्ज फर्नांडिस. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. मंगळूरच्या कॅथॉलिक घरातला हा मुलगा, सोळाव्या वर्षी घरच्यांनी धर्मगुरू होण्यासाठी बंगळूरच्या सेंट पीटर्स सेमिनरीत धाडलेला. तेथे त्यांचे मन रमले नाही. मुंबईस येऊन ते कामगारांचे पुढारी झाले, पुढे १९७४ च्या रेल्वे संपाचे नेते झाले आणि शेवटी देशाचे संरक्षणमंत्री. सियाचिनच्या बर्फातील जवानांना भेटण्यास ते पुनःपुन्हा जात. सेमिनरीतून परतलेल्या मुलाबद्दल आपल्याकडे 'वाया गेला' असे म्हणण्याची रीत आहे. आमच्याबरोबर सेमिनरीत असलेल्या व परत गेलेल्या कित्येकांनी ते शब्द सोसले. त्या घरांनी जॉर्ज फर्नांडिसांचे चरित्र वाचावे, एवढेच आम्ही म्हणतो.

तर सेमिनरी सोडलेल्या त्या मंत्र्याने या नटास परवानगी दिली. पाटेकर काश्मिरात गेले. द्रास, कुपवाडा, बारामुल्ला, सोपोर या भागांत जवानांबरोबर राहिले. जाताना आपले वजन ७६ किलो होते, परतलो तेव्हा ५६ भरले, असे त्यांनी सांगितले आहे. एका नटाच्या जाण्याने युद्धाचे पारडे फिरले असे कोणी म्हणणार नाही, आणि आघाडीवरील जबाबदार अधिकाऱ्यास प्रसिद्ध पाहुणा म्हणजे कधी कधी डोकेदुखीही वाटत असेल, हे आम्ही समजू शकतो. हा सारा प्रसिद्धीचा खेळ होता असे म्हणणारेही त्या वेळी होते. आम्हांस तो हिशेब निराळा दिसतो. त्यांनी जवानांकडून एक वस्तू उसनी घेतली होती: त्यांची चाल, त्यांचा सलाम, त्यांचा शब्द. त्या उसनवारीवर त्यांनी नाव मिळविले. मग जवान खरोखरच डोंगर चढून मरू लागले, तेव्हा उसने घेणाऱ्यास घरी बसवले नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती परत करताना आपल्या आया वाटी शिगोशीग भरून देत. त्या रीतीचाच हा प्रकार.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो. आपल्या लोकांनी फौज प्रथम जवळून पाहिली ती १९४८ च्या सप्टेंबरात, हैदराबाद संस्थानात ती शिरली तेव्हा. त्या आठवणी आता फार थोड्या म्हाताऱ्यांपाशी उरल्या आहेत. दुसऱ्यांदा पाहिली ती ३० सप्टेंबर १९९३ नंतर. गणेशविसर्जनाच्या रात्री उशिरा निजलेली किल्लारीची व भोवतालची गावे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्या वेळी जवान पावसात उभे राहून ढिगारे उपसत होते. आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी आम्हांस सांगितले की, एक जवान त्यांच्या नातेवाइकांच्या घराचे वासे उचलीत असता रडत होता आणि काम थांबवीत नव्हता. त्याचे बोलणे त्यांना कळत नव्हते, त्यांचे त्याला कळत नव्हते. मराठवाड्यातील मुलांस सैन्याची ओढ का, याचा शोध घेणाराने पोटाचा प्रश्न पाहावाच, पण ही आठवणही विसरू नये.

पाटेकर आपल्या जिल्ह्यात आले ते २०१५ साली. तो दुष्काळ आपणांस सांगावयास नको. आपल्या घरणी नदीच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळत होती. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्या आधीच, २०१५ च्या पावसाळ्यात, पाटेकर व आपल्या मराठवाड्याचे नट मकरंद अनासपुरे हे दोघे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊ लागले. लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील कुटुंबांस त्यांनी प्रत्येकी १५ हजारांचे धनादेश दिले. त्यातूनच पुढे 'नाम' ही संस्था उभी राहिली व नद्यानाल्यांतील गाळ काढण्याची कामे तिने हाती घेतली. त्या वेळी एका शेतकरी गृहस्थांनी आम्हांस विचारले, "फादर, टीव्हीवर नाना रडताना दिसले, ते खरं का ॲक्टिंग?" आम्ही त्यांस आपल्या पूर्वजांची म्हण ऐकविली: सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ज्या बाईच्या हातात तो कागद पडला, तिने बँकेत जाऊन तो वटविला. रडण्याचा निवाडा देवाकडे सोपवावा.

माणूस सुधारतो कशाने, याविषयी हल्ली पुष्कळ पुस्तके निघतात. आम्हीही प्रवचनांत दर चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तेच सांगत असतो. पाटेकरांनी एका मुलाखतीत आपली एक हकीकत सांगितली आहे. ते दिवसाला साठ सिगारेटी ओढीत. त्यांच्या बहिणीचा मुलगा गेला. एकदा सिगारेट ओढल्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली, तेव्हा ती दुःखी बहीण एवढेच म्हणाली की, मला आणखी काय काय पाहावयाचे आहे? त्यांनी सिगारेट सोडली. आमच्या पंचवीस वर्षांच्या उपवासकाळातील प्रवचनांनी किती जणांच्या विड्या सुटल्या, ते आपण जाणता. आम्ही मोजदाद केलेली नाही.

आता ज्या गोष्टीमुळे आम्हांस 'प्रहार'मधील गल्लीचे मौन झोंबले, ती सांगतो. ती आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. तरी ज्याची ती आहे त्याची व त्याच्या आईची परवानगी घेऊनच बोलत आहो, आणि ती आम्हांस पापनिवेदनात कळलेली नाही, हेही स्पष्ट करतो.

आपल्या धर्मग्रामातील मुले पहाटे लातूरच्या रस्त्यावर धावताना आपण पाहतो. १६०० मीटर, हातात घड्याळ, पुढे एखादा मोठा मुलगा. २०२२ पासून भरती चार वर्षांची झाली, त्यातले चौथा भाग पुढे ठेवतात. तरी धावणारे कमी झालेले नाहीत. त्यांपैकी एक मुलगा भरतीस गेला तो परतला नाही. निवड झाली, बेळगावला आहे, असा घरी फोन आला. आपण फटाके उडविले. नाताळात तो आला तो गणवेश घालून. आपल्या धर्मग्रामाचा पहिला अग्निवीर! मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर आम्ही त्यास वेदीपाशी बोलाविले, त्याच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला, कमिटीने हार घातला. त्याने सलाम केला. सलाम अगदी बरोबर होता.

निवड झालेली नव्हती. धावण्यात तो काही सेकंदांनी मागे पडला होता. पुण्यात एका इमारतीवर रखवालदार म्हणून राहिला होता, आणि गणवेश बाजारातून विकत घेतला होता. फसविण्याकरिता शिपायाचा वेष करणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्या गुन्ह्यात सापडण्याच्या आतच, ईस्टरच्या सुमारास, गोष्ट फुटली. पुढचे आपण जाणता. त्याची आई सहा महिने देवळात मागच्या दाराने येत होती.

परंतु जे आपण जाणत नाही ते आज सांगतो. त्या नाताळच्या रात्रीच आम्हांस संशय आला होता. प्रशिक्षण चालू असता तीन महिन्यांच्या आत रजा कशी मिळाली, असे आम्ही त्यास विचारले. तो उत्तर देताना आमच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. आम्ही आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता. एकान्तात, हळूच, बापाने मुलास विचारावा तसा. आम्ही विचारला नाही, कारण देऊळ भरलेले होते, हार तयार होता, आणि पहिला जवान आपल्या धर्मग्रामाचा असावा ही हौस आमचीही होती. पुढे हवालदारांनीही आम्हांस सांगितले की, त्यांनी त्याचा सैनिक क्रमांक विचारला तेव्हाच त्यांनी ओळखले होते. जवान झोपेतून उठविला तरी आपला क्रमांक सांगतो. तेही गप्प बसले. म्हणजे त्या रात्री वेदीपाशी एकाने सोंग घेतले होते असे समजू नका. निदान तिघांनी तरी घेतले होते, आणि त्यांपैकी दोघे वयाने पन्नाशीपुढचे होते.

तो मुलगा पावसाळ्यात एका रात्री आमच्या बंगल्यावर आला. हातात वर्तमानपत्रात बांधलेला गणवेश होता. "फादर, हे जाळायचं का पुरायचं?" असे त्याने विचारले. आम्ही त्यास प्रथम आमची स्वतःची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मग तुम्ही विचारलं का न्हाई?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, व आजही नाही. गणवेश आम्ही ठेवून घेतला. आमच्या कपाटात तो मिस्सेच्या वस्त्रांशेजारी पडून राहिला, आणि रोज सकाळी कपाट उघडताना तो आम्हांस दिसत असे.

त्यानंतर हवालदारांनी त्यास पहाटे चार वाजता उठवून रस्त्यावर नेण्यास आरंभ केला. तो पुन्हा भरतीस गेला. या खेपेस धाव वेळेत पूर्ण केली आणि वैद्यकीय तपासणीत मागे पडला. आता त्याचे वयही संपले आहे. लातूरच्या एका डाळमिलवर तो काम करतो, आणि सकाळी लहान मुलांना धाव शिकवितो. त्यांपैकी दोन मुले यंदाच्या भरतीत लेखी परीक्षेपर्यंत पोचली आहेत, पुढचे पुढे.

आरंभी सांगितलेल्या तालमीच्या दिवशी तो बाहेर ओट्यावर बसला होता. सलामीवरून हशा चालला असता मुलांनी खिडकीतून त्यास हाक मारली, कारण शिपायाचे काम त्याच्याइतके चांगले कोणासच येत नाही, हे सर्वांस ठाऊक होते. तो उठून चालता झाला. आठ दिवस तो फिरकला नाही. त्या आठ दिवसांत आम्ही त्याच्या घरी एकदा गेलो, आणि आज आपणांसमोर कारगिलची जी गोष्ट सांगितली ती त्याच्या आईच्या चुलीपाशी बसून त्यास सांगितली. तो काहीच बोलला नाही. त्याच्या आईने मात्र विचारले की, इतकं वजन घटलं तर त्या नानांना तिथं जेवायला देत न्हवते का?

गेल्या रविवारी मिस्सेनंतर तो हवालदारांस बरोबर घेऊन आला व म्हणाला, "फादर, तो ड्रेस द्या." आम्ही कपाट उघडले. हवालदारांनी गणवेश उलटसुलट पाहिला, खांद्यावरील बाजारी चिन्हे चाकूने उसवून काढली, आणि आपल्या कमरेचा जुना पट्टा सोडून त्याच्या हाती दिला. "हा सोळा वर्षं वापरलाय," ते म्हणाले, "नाटक झालं की परत आणून दे." मुलाने पट्टा बांधला; तो एक घर सैल होता. हवालदारांनी अंगणातील खिळा घेऊन त्यास नवे भोक पाडले.

उद्या रात्री साडेआठास पडदा वर जाईल. जवानाचा प्रवेश दुसऱ्या अंकात आहे. मंडळींनी बसावयास आपापली घोंगडी आणावीत, कारण सतरंज्या पुरणार नाहीत असे कमिटीने कळविले आहे.